पंचवीस कॉम्प्युटर, एकच तास: शाळेच्या लॅबमध्ये व्हिडिओ न अडकता चालवायचे कसे

"सर, एका कॉम्प्युटरवर झकास चालतंय. लेकरं बसली की सगळीकडं नुसतं गोल गोल फिरतंय."

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की असे फोन यायला लागतात. परभणी-हिंगोली भागातल्या शाळांच्या लॅब जोडणं आणि बिघडलेल्या दुरुस्त करणं हे माझं काम. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चूक तीच सापडते, ती म्हणजे उलटा क्रम. आधी महागडा इंटरनेट प्लॅन घेतात, मग जुन्या तारांवर भागवतात, मग कुठल्यातरी कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर करतात. व्हिडिओ किती जड आहेत, हे बघायचं कुणालाच सुचत नाही. शेवटी मुख्याध्यापकांसमोर एक कॉम्प्युटर चालवून दाखवला जातो आणि काम झाल्याची सही होते.

या लेखातली पद्धत वेगळी आहे. व्हिडिओ इंटरनेटवरून एकदाच आणायचे, लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर (यालाच पुढे सर्व्हर म्हटलंय) ठेवायचे आणि बाकीच्यांनी ते तारेवरून बघायचे. नेट बंद असलं तरी तास चालला पाहिजे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. एखादी वगळली तर तिचा हिशेब पुढच्या पायरीवर चुकवावा लागतो.

## १. आधी कागदावर हिशेब

सगळ्यात आधी वही-पेन घ्या. एकदम किती कॉम्प्युटर चालणार आणि एक व्हिडिओ सेकंदाला किती मेगाबिट खाणार, या दोन आकड्यांचा गुणाकार करा.

नीट हलका केलेला ४८०पी व्हिडिओ साधारण १ मेगाबिटमध्ये बसतो. ७२०पी ला दीड ते दोन लागतात. म्हणजे पंचवीस कॉम्प्युटर गुणिले दीड, साडेसदतीस मेगाबिट. लॅबमधल्या साध्या १०० मेगाबिटच्या जाळ्यालाही हे झेपतं.

आता तेच पंचवीस व्हिडिओ इंटरनेटवरून चालवले तर काय होतं ते बघा. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी, म्हणून १ मेगाबिटचा व्हिडिओ तासाला ४५० एमबी घेतो. पंचवीस लेकरांचा एक तास म्हणजे सव्वा अकरा जीबी. दिवसाला चार तास धरले तर ४५ जीबी, आणि तेही एकच धडा पंचवीस वेळा ओढून आणण्यासाठी. गावातली लाइन कितीही चांगली असली तरी हा उद्योग कशाला?

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे सरांनी मोबाइलवर स्वतः काढलेला व्हिडिओ. १०८०पी मध्ये तो सहज १५ ते २० मेगाबिटचा असतो. असे पंचवीस एकदम चालवले तर साडेतीनशेच्या वर जातात. तिथं १०० मेगाबिटचं जाळं बसलंच म्हणून समजा.

आणखी एक हिशेब पोर्टचा, म्हणजे तार खोचायच्या भोकांचा. पंचवीस कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि इंटरनेट आणणारा एक राउटर मिळून २७ तारा होतात. तरीही खरेदीत २४ पोर्टचाच स्विच (सगळ्या तारा एकत्र जोडणारा डबा) येतो आणि उरलेल्या तारांसाठी कुठून तरी जुना लहान डबा शोधून लावला जातो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कोटेशन हातात आलं की आधी पोर्ट मोजतो.

तपासा: कॉम्प्युटर × मेगाबिट हा आकडा ६० च्या आत आहे का? असेल तर १०० मेगाबिटचा स्विच चालेल. त्यापुढे गिगाबिटच (१००० मेगाबिट) घ्या. नवीन खरेदी करणारच असाल तर विचार न करता गिगाबिट घ्या, फरक फार नसतो.

## २. व्हिडिओ कुठून आणायचे

कायद्यानं उतरवता येतील, कॉपी करून वाटता येतील असेच व्हिडिओ घ्या. यूट्यूबवरून कुठल्याही सॉफ्टवेअरने ओढून आणणं त्यांच्या अटींत बसत नाही. शिवाय असे व्हिडिओ बऱ्याचदा जुन्या कॉम्प्युटरला न झेपणाऱ्या प्रकारात येतात.

आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल लॅबसाठी मला सगळ्यात सोयीचं वाटतं. त्यात लिबरऑफिससारख्या सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात आहेत आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे आहेत. ते बनवलेत याच रीतीसाठी: अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर ते सॉफ्टवेअर, आणि बघत बघत करायचं. धडे दहा मिनिटांच्या आसपास आहेत. कॉलेजांसाठी एनपीटेलची (आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स) व्याख्यानंही मोकळ्या परवान्यावर मिळतात.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवरचे व्हिडिओ दिसतात. ते मोबाइल अ‍ॅपमध्ये उतरवून ऑफलाइन बघता येतात, पण उतरवलेलं त्या अ‍ॅपपुरतं असतं. ते सर्व्हरवर तसंच चालेल असं धरून आखणी करू नका.

आणि सगळ्यात दुर्लक्षित खजिना म्हणजे तुमच्याच तालुक्यातल्या शिक्षकांनी काढलेले व्हिडिओ. एक फोन करून परवानगी मागा, मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको. ती आधीच इतकी दाबलेली असते की फळ्यावरचं अक्षर लागत नाही. पेनड्राइव्हमध्ये घ्या.

सावधान: गावोगाव फिरलेल्या पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस असतोच असं समजून चाला. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यावर क्लिक करू नका. बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा तो एका ठरलेल्या, अँटिव्हायरस असलेल्या कॉम्प्युटरलाच. सर्व्हरला कधीच नाही.

## ३. व्हिडिओ हलके करा

या पायरीचा लोकांना कंटाळा येतो. पण लॅब चालणार की रडणार, हे बरंचसं इथंच ठरतं.

हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात ढीगभर फाइली रांगेला लावून रात्रभर सोडता येतात. सेटिंग अशी:

- साचा एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी. एच.२६५ मध्ये फाइल लहान होते खरी, पण जुन्या कॉम्प्युटरवर आणि बऱ्याच ब्राउझरमध्ये ती चालत नाही. नुसता आवाज येतो किंवा काळा पडदा दिसतो.
- आकार: चित्रं, प्रयोग, गोष्टी असतील तर ४८०पी. फळा, गणित किंवा कॉम्प्युटरचा पडदा दाखवणारे असतील तर ७२०पी. लॅबमधले जुने मॉनिटर बहुतेक १३६६ बाय ७६८ चे असतात. त्यांना १०८०पी देणं म्हणजे लोट्यात घागर ओतणं.
- दर्जाचा आकडा २२ ते २४. आकडा वाढला की फाइल लहान होते आणि दर्जा उतरतो.
- आवाज मोनो, ६४ ते ९६ किलोबिट. शिकवण्याला स्टिरिओ लागत नाही.
- 'वेब ऑप्टिमाइज्ड' या चौकटीत खूण.

शेवटची खूण दिसायला छोटी आहे, पण हमखास विसरली जाते. एमपी४ फाइलमध्ये कुठलं दृश्य कुठं आहे याची एक अनुक्रमणिका असते. ती पुष्कळदा फाइलच्या शेवटी बसलेली असते. मग ब्राउझरला चित्र दाखवण्याआधी ती हुडकायला शेवटापर्यंत जावं लागतं. खूण केली की अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि व्हिडिओ लगेच सुरू होतो. एका ठिकाणी "सर्व्हर स्लो आहे" म्हणून नवीन कॉम्प्युटर घेण्याचा ठराव व्हायच्या बेतात होता. ही एक खूण करून फाइली पुन्हा काढल्या, ठराव बारगळला.

लांबीही बघा. पाऊण तासाचं व्याख्यान असेल तर ते आठ-दहा मिनिटांच्या तुकड्यांत कापा. मध्येच लाईट गेली तर लेकरू तुकडा पुन्हा बघतं, अख्खं व्याख्यान बघत नाही.

नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्या आणि सुरुवातीला आकडा टाका. आकडा दोन अंकी हवा: शून्य-एक, शून्य-दोन. नुसता एक, दोन लिहिलात तर काही प्लेअर एकनंतर थेट दहावा धडा दाखवतात. मराठी नाव पडद्यावर दिसायला हवं हे बरोबर आहे, पण ते पुढे सर्व्हरवर शीर्षक म्हणून देता येतं. फाइलच्या नावात देवनागरी असली की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन-चौकोन उमटतात.

तपासा: आधी एकच फाइल काढा. लॅबमधल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर लावा, शेवटच्या बाकावर बसून बघा. रसायनशास्त्राच्या सूत्रातला खालचा बारका दोन वाचता येतो का? येत असेल तर बाकीच्या तीनशे फाइली रांगेला लावा. आधी तीनशे काढून मग बघणारे मला माहीत आहेत. त्यांची मे महिन्याची सुट्टी त्यातच गेली.

## ४. वीज

आमच्याकडे डीपी जळाली की दोन-दोन दिवस अंधार असतो. ते आपल्या हातात नाही. पण रोजच्या ये-जा करणाऱ्या लाईटची तयारी करता येते.

सर्व्हरला यूपीएस सगळेच लावतात. स्विच आणि राउटर मात्र भिंतीच्या साध्या प्लगवर राहतात. लाईट गेली की सर्व्हर जिवंत आणि रस्ता बंद. तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. स्विचला वीज फार कमी लागते, यूपीएसला त्याचा भार जाणवतही नाही.

लॅब इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं किंवा बाजूचं बटण बघा. पुष्कळ इन्व्हर्टरवर 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' अशा दोन जागा असतात. नॉर्मलवर असला की बदलताना क्षणभर वीज तुटते. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. बटण यूपीएसकडे करा.

अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन वाळली की खड्ड्यातलं अर्थिंग नावालाच उरतं. वायरमनला मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर खड्ड्यात पाणी घाला आणि अर्थिंग नीट करून घ्या. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात, अशी लेकरांची तक्रार असेल तर हे काम आजच करा, व्हिडिओ नंतर.

## ५. तार आणि स्विच

वायफायवर पंचवीस कॉम्प्युटर चालवायचा विचार सोडून द्या. राउटरच्या खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं, पण हवेतून एका वेळी एकानेच बोलायचं असतं. पंचवीस जण त्या ३०० चे वाटेकरी, आणि प्रत्यक्षात हाती येतं ते त्याहून पुष्कळ कमी. तार टाका.

तार कॅट ६ किंवा निदान कॅट ५ई घ्या, आणि शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार धडधडीत विकली जाते आणि गुत्तेदाराला तीच परवडते. ओळखायला सोपं आहे. आतल्या बारीक तारेचा टोकाचा तुकडा ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत पाठवा. अशी तार क्रिंप करताना, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, मोडते आणि वर्षा-दोन वर्षांत जोड ढिले पडतात.

स्विच ते कॉम्प्युटर ही तार १०० मीटरच्या आत हवी. खोलीतल्या खोलीत हा प्रश्न येत नाही. पण पलीकडच्या इमारतीतल्या वर्गात तार न्यायची असेल तर तांब्याची नेऊ नका. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी कडाडते हे सांगायला नको. दोन इमारतींमधली उघडी तांब्याची तार दोन्हीकडचे स्विच एका झटक्यात जाळू शकते. तिथं फायबर, म्हणजे काचेची तार टाका आणि दोन्ही टोकांना ती साध्या तारेला जोडणारा मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेतून वीज वाहत नाही.

क्रिंप करताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. "दोन्हीकडं सारखंच लावलंय, मग झालं" म्हणून मनाला येईल तो क्रम लावणारे भेटतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण आतल्या जोड्या फुटलेल्या असतात. मग तार कधी चालते, कधी नाही.

स्विच कुठं ठेवता यालाही महत्त्व आहे. पत्र्याच्या खोलीत छताजवळ ठोकलेला स्विच एप्रिलमध्ये भट्टीत असतो. स्वस्त स्विचच्या माहितीपत्रकात बहुतेक ४० अंशांची मर्यादा असते, आणि नांदेड-परभणीत मे महिन्यात सावलीतच त्यावर जातं. तो छातीच्या उंचीवर, हवा खेळेल असा ठेवा. तारा पीव्हीसी पट्टीत घाला, उंदरांसाठी. विजेची तार आणि ही तार मात्र एकाच पट्टीत नकोत.

सर्व्हरची तार थेट स्विचमध्ये, राउटरमध्ये नाही. पुष्कळ घरगुती राउटरचे मागचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. गिगाबिटचा स्विच घेऊन सर्व्हर राउटरला जोडला तर घेतलेले पैसे वाया. दोन स्विच असतील तर मोठ्यात सर्व्हर लावा आणि दोघांना एकाच तारेने जोडा.

सावधान: एकाच तारेची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली, किंवा दोन स्विच दोन तारांनी जोडले गेले, तर साध्या स्विचवर संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळी लॅब ठप्प होते. झाडलोट करताना लोंबणारी तार दिसली आणि कुणीतरी चांगल्या मनानं मोकळ्या पोर्टमध्ये खोचली, एवढंच निमित्त पुरतं. स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता फडफडताना दिसले की आधी हे बघा. मोकळ्या पोर्टवर चिकटपट्टी लावून टाका.

तपासा: सर्व्हरवर नेटवर्कच्या माहितीत लिंक स्पीड बघा. तार, स्विच आणि सर्व्हरचा पोर्ट तिन्ही गिगाबिटचे असून १०० दिसत असेल, तर निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसलेली नाही. १०० ला दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. टोक कापून पुन्हा क्रिंप करा.

## ६. सर्व्हर

सर्व्हर म्हणजे वेगळी मोठी पेटी लागत नाही. आय३ सारखा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोजसाठी लहान एसएसडी आणि व्हिडिओंसाठी १ टीबीची हार्ड डिस्क एवढं पुरे. पेनड्राइव्हवर व्हिडिओ ठेवून पंचवीस जणांना वाटू नका, तो तापून मरतो. बाहेरची हार्ड डिस्क वापरणार असाल तर ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, कारण एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आता व्हिडिओ वाटायचे कसे? दहा कॉम्प्युटरची लॅब असेल तर फोल्डर शेअर करा आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, काम संपलं. परवानगी मात्र फक्त वाचण्याची द्या. एका शाळेत 'सर्वांना पूर्ण हक्क' दिले होते. सातवीतल्या एका पोरानं माउस ओढताना अख्खं विज्ञान भूगोलात टाकलं आणि दोन दिवस सगळे विज्ञान शोधत होते.

वीसच्या वर कॉम्प्युटर असतील तर शेअर केलेल्या फोल्डरचा नाद सोडा. विंडोज १० किंवा ११ असलेला साधा कॉम्प्युटर एका वेळी २० जोडण्याच घेतो. एकविसाव्याला 'आता आणखी जोडण्या घेता येत नाहीत' अशा अर्थाचा संदेश येतो. म्हणून "शेवटच्या रांगेतले पाच कॉम्प्युटर खराब आहेत" ही तक्रार. ते खराब नसतात, उशिरा सुरू केलेले असतात.

मोठ्या लॅबसाठी मी कोलिब्री हे धडे आणि व्हिडिओ वाटणारं सॉफ्टवेअर लावतो. ते फुकट आहे, बिनानेटचं चालतं, ब्राउझरमध्ये उघडतं, पडद्यावरची भाषा मराठी करता येते आणि कुणी काय पाहिलं याची नोंदही ठेवतं. क्रम असा:

- सर्व्हरवर नेट असताना कोलिब्री बसवा, ॲडमिनचं खातं काढा. पासवर्ड कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवा. बदली झालेल्या सरांसोबत पासवर्डही गेला, ही हकिकत सगळीकडे सारखीच आहे.
- तयार चॅनेलमधून (धड्यांच्या संचांतून) हवं तेवढंच निवडून घ्या. सगळं घ्यायला गेलात तर डिस्क भरते.
- तुमचे स्वतःचे व्हिडिओ कोलिब्री स्टुडिओ या त्यांच्या साइटवर चढवा, मराठी शीर्षकं द्या, प्रकाशित करा. एक छोटा कोड मिळतो, तो सर्व्हरवर टाकला की चॅनेल उतरतं.
- शाळेत नेट अगदीच रडकं असेल तर हे सगळं तालुक्याच्या गावी करा, चॅनेल हार्ड डिस्कवर एक्स्पोर्ट करा आणि शाळेत इम्पोर्ट करा. २०० जीबी १० मेगाबिटच्या लाइनवरून यायला सलग पावणेदोन दिवसांच्या वर लागतात. एसटी त्याआधी पोचते.

दुसरा मार्ग म्हणजे अपाची किंवा एनजिनेक्ससारखा वेब सर्व्हर आणि हाताने बनवलेलं एक पान. ज्याला जमतं त्याने जरूर करावं. पण पायथॉनमधला तयार एका ओळीचा सर्व्हर या कामाला घेऊ नका. व्हिडिओ सुरू होतो आणि लेकरानं पट्टी पुढं ओढली की अडतो, कारण मधूनच तुकडा देणं त्याला येत नाही.

सर्व्हरच्या पाच सेटिंग आताच करून टाका. स्लीप 'कधीच नाही', डिस्क बंद होण्याची वेळही 'कधीच नाही'. विंडोज अपडेटच्या सक्रिय तासांत शाळेची पूर्ण वेळ. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणारी सेटिंग) वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू. आणि कोलिब्री विंडोजबरोबर आपोआप सुरू होतंय याची खात्री.

## ७. सर्व्हरचा पत्ता कायमचा करा

राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा नंबर, वाटतो आणि तो बदलू शकतो. काल चाललेला शॉर्टकट आज चालत नाही तो यामुळेच. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. मग प्रत्येक ब्राउझरमध्ये तो पत्ता, पुढे विसर्गासारखं चिन्ह आणि ८०८० असं टाकलं की कोलिब्री उघडतं. इथं आकडे मराठीत छापलेत, टाइप करताना इंग्रजी आकडे घ्या.

उघडत नसेल तर दोन गोष्टी बघा. सर्व्हरवर हे नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलंय का? ते 'प्रायव्हेट' करा. आणि विंडोज फायरवॉलने पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुणी घाईत 'कॅन्सल' दाबलं होतं का? असेल तर फायरवॉलमध्ये जाऊन कोलिब्रीला परवानगी द्या.

सावधान: ऑफिसमध्ये वायफाय हवं म्हणून कुणी जुना राउटर त्याच जाळ्यात खोचला तर पत्ते वाटणारे दोघं होतात. निम्मी लॅब एका पत्त्यावर, निम्मी दुसऱ्या. दुसऱ्या राउटरचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करा आणि तार त्याच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा.

## ८. लेकरांचे कॉम्प्युटर

इथं फार काही नाही. जुन्या मशीनवर विंडोज ७ असेल तर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, त्यापुढे नाही. ती चालत नसेल तर फायरफॉक्स ११५ ची दीर्घ मुदतीची आवृत्ती लावून बघा. २ जीबी रॅम असलेल्या मशीनवर हलकं लिनक्स टाकलं तर पुष्कळ फरक पडतो. डेस्कटॉपवर एकच मोठा शॉर्टकट ठेवा आणि ब्राउझरचं पहिलं पान तेच करा.

हेडफोन मात्र आधी मोजा. पंचवीस स्पीकर एकदम वाजले तर तो तास नाही, जत्रा होते. जुन्या डेस्कटॉपला आवाज आणि माइकच्या दोन वेगळ्या पिना लागतात, नव्या हेडफोनला एकच असते. नुसतं ऐकायचं असेल तर एक पिन हिरव्या भोकात चालते. एका कॉम्प्युटरवर दोघं बसत असतील तर दोन तोंडांचा स्प्लिटर घ्या.

आणि सगळ्यांना एकाच वेळी एकच व्हिडिओ दाखवायचा असेल तर हे काहीच करू नका, प्रोजेक्टर लावा. थांबता येणं, मागं जाऊन पुन्हा बघता येणं, आपल्या वेगानं पुढं सरकता येणं, यासाठी ही सगळी खटपट.

## ९. सगळे एकदम

ही चाचणी झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. एक कॉम्प्युटर चालला म्हणजे एकच कॉम्प्युटर चालला.

नववीची पंचवीस पोरं बोलवा. सगळे कॉम्प्युटर सुरू करा. प्रत्येकाने वेगळा व्हिडिओ लावायचा, कारण एकच लावला तर सर्व्हर तो मेमरीतून देतो आणि डिस्कची परीक्षाच होत नाही. दोन मिनिटं चालू द्या. मग "आता" म्हटलं की सगळ्यांनी एकदम पट्टी मधोमध ओढायची. तीन-चार सेकंदांत सगळीकडे पुन्हा सुरू झालं पाहिजे. त्याच वेळी सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा ठेवा.

- नेटवर्कचा आलेख ९० च्या पुढे जाऊन सपाट झाला तर कुठंतरी १०० चा अडसर आहे. पायरी ५ वर जा.
- डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर व्हिडिओ जड आहेत किंवा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत बसलाय. व्हिडिओंचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा.
- प्रोसेसर १०० टक्के असेल तर सर्व्हरवर कुणी काय उघडून ठेवलंय ते बघा. कोलिब्रीऐवजी जेलीफिनसारखं व्हिडिओ वाटणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते व्हिडिओ चालू असतानाच नव्या साच्यात बदलत असेल. पायरी ३ नीट केली असेल तर त्याला तशी गरज पडत नाही, तो पर्याय बंद करा.
- सगळं शांत असूनही एकच कॉम्प्युटर अडत असेल तर त्याची तार शेजारच्याला लावून बघा. दुखणं तारेबरोबर गेलं तर तार, राहिलं तर मशीन.

मग लॅबचा मुख्य खटका बंद करा. यूपीएसवर सर्व्हर आणि स्विच टिकतात का, किती मिनिटं, ते घड्याळावर बघून भिंतीवर लिहा. त्याच्या निम्म्या वेळात लाईट आली नाही तर सर्व्हर नीट शटडाउन करायचा. कोण करणार, त्याचं नावही तिथंच लिहा.

## १०. चालू झाल्यावर

नवीन व्हिडिओ शनिवारीच टाका, तास चालू असताना नाही. सगळ्या व्हिडिओंची आणि कोलिब्रीच्या डेटा फोल्डरची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा. ती लॅबमध्ये नको, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. फोल्डरची प्रत काढताना कोलिब्री आधी बंद करा.

महिन्यातून एकदा सर्व्हरची तारीख बघा. ती मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. तो न बदलता कामाला बसलात तर कुणी कधी काय पाहिलं याच्या नोंदी विस्कटतात आणि नेटवरच्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवतात.

सोयाबीनची मळणी सुरू असते त्या दिवसांत शेताजवळच्या शाळांत भुसा आणि धूळ पंख्यांत जाऊन बसते. तेव्हा सर्व्हरचा डबा उघडून ब्लोअर मारा, पंख्याची पाती बोटानं धरून.

उन्हाळी सुट्टी लागली की नुसतं बटण बंद करून कुलूप लावू नका. यूपीएसचा प्लग काढा आणि बाहेरून येणारी इंटरनेटची तार राउटरमधून उपसून ठेवा. जूनमध्ये आल्यावर ती परत खोचायची, सर्व्हर सुरू करायचा, आणि लेकरं यायच्या आदल्या दिवशी पायरी ९ पुन्हा करायची.